मावशींसाठी वेगळा संडास बांधायचा की आहे तोच उघडायचा?

कावेरी_वाकड (धागाकर्ती) | शुक्रवार, रात्री ११.०५

मंडळी, बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमची सोसायटी वाकडला. चार विंग, १९६ फ्लॅट. यंदा लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवून मला कमिटीत घेतलं. मागच्या महिन्यात एके दिवशी घरून काम होतं, दुपारी बाराच्या सुमारास खाली कुरिअर घ्यायला उतरले. मागच्या गेटाबाहेर एक मोकळा प्लॉट आहे, अर्धवट पत्रे ठोकलेला. तिथे पत्र्याच्या कडेला एक बाई ओढणी आडवी धरून रस्त्याकडे तोंड करून उभी होती. आधी कळलंच नाही काय चाललंय. मग पत्र्यामागून जी बाई साडी सावरत बाहेर आली ती आमच्याकडे काम करणारी मावशी. तिने मला पाहिलं आणि मान वळवली. मीही वळवली.

वर येऊन हिशोब केला. ती सकाळी सातला गेटवर एन्ट्री करते, अडीचला जाते. सहा घरं. साडेसात तास.

कमिटीत विषय काढला की कामाला येणाऱ्या बायकांसाठी संडास हवा. मला वाटलं होतं भांडण होईल. दहा मिनिटांत मंजूर! जागा ठरली बेसमेंटला, डीजी सेटच्या (जनरेटरच्या) मागे, ओल्या कचऱ्याच्या ड्रमांशेजारी. कंत्राटदाराने १ लाख ८० हजारांचा आकडा दिला. खालच्या पातळीवरून मैला वर उचलायला पंप लागतो म्हणून एवढा.

मी खुशीत घरी. दुसऱ्या दिवशी मावशी फरशी पुसत होती तेव्हा सांगितलं. तिने पोछा पिळला, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, क्लबहाऊसला दोन हायेत की. नुसतं कुलूप असतंय." आणि फिनेल आणायला गेली.

तेव्हापासून अडकलेय. मंजूर झालेलं पदरात पाडून घेऊ, की तो ठराव बाजूला ठेवून क्लबहाऊससाठी भांडू? पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे.

---

आसनगाव_स्लो | शुक्रवार, रात्री ११.४०

बांधून घ्या. डोळे मिटून बांधून घ्या. मी रोज सव्वा तास लोकलने जाते, मला विचारा रोखून धरणं म्हणजे काय असतं. मुंबईत २०११ पासून बायका 'राइट टू पी' म्हणून मोहीम चालवत आहेत. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईकडून पैसे, इथून सुरुवात होती त्यांची. इतक्या वर्षांत किती हललं ते रोज स्टेशनवर बघते. हाती आलेलं सोडायचं नाही.

---

व्यवहारी_माणूस | शनिवार, सकाळी ७.५२

कुणीतरी वाईट व्हायला हवं, मी होतो.

कमिटीवर सहा वर्षं काढली आहेत (दुसऱ्या सोसायटीत). क्लबहाऊस उघडा म्हणणं सोपं आहे. साठ-सत्तर बायका, वीसेक ड्रायव्हर, दिवसाला शंभर डिलिव्हरीवाले. दोन संडास. धुणार कोण? हाउसकीपिंगची एकच बाई असेल, आधीच चार विंगचे जिने तिच्या गळ्यात. तिला विचारलंत? की एका बाईची सोय दुसऱ्या बाईच्या डोक्यावर?

शिवाय मेंटेनन्स भरणारे म्हणणार की आम्ही पैसे भरतो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. सभेत हेच ऐकू येणार, तयारीने जा एवढंच सांगतोय.

---

निळी_शाई | शनिवार, सकाळी ९.१५

कावेरीताई, कमिटीने दहा मिनिटांत हो का म्हटलं, यावर विचार केलात का?

माझी आजी सांगायची, गावात पाटलाच्या वाड्यावर कामाला गेलं की चहा मिळायचा. रोज, न चुकता, गुळाचा, गरम. फक्त कप वळचणीला खोचलेला असायचा, कान तुटलेला. तो आपणच काढायचा, आपणच विसळायचा, आपणच परत खोचायचा. चहा देणारी बाई मनाने चांगली होती असं आजी शेवटपर्यंत म्हणायची. होतीच ती चांगली. तिला आजीची तहान दिसत होती. कप दिसत नव्हता.

तुमचा डीजी सेटमागचा संडास म्हणजे १ लाख ८० हजारांचा कान तुटका कप आहे. राग मानू नका.

पुण्यातच आहात म्हणून सांगतो. गंज पेठेत फुल्यांचा वाडा आहे, आवारात पाण्याची जागा अजून दाखवतात. १८६८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. वेगळा हौद बांधून देता आला नसता का? जोतीराव बांधकामाची कंत्राटं घेणारा माणूस, त्यांना काय अवघड होतं! वर कौतुकही झालं असतं. त्यांनी स्वतःच्या घरातलं पाणी उघडलं.

---

आजरा_घनसाळ | शनिवार, सकाळी १०.०२

निळी_शाई, कपावरनं आठवलं. आमच्या कोल्हापुरात गंगाराम कांबळे म्हणून शाहू महाराजांच्या पागेतले नोकर होते. वरच्या जातीच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारलं. महाराजांना कळल्यावर मारणाऱ्यांना त्यांनी सोडलं नाही. पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. महाराजांनी गंगारामना चहाचं हॉटेल काढून दिलं, आणि महारानं केलेला चहा कोण पिणार म्हणून गिऱ्हाईक येईना, तर स्वतः गाडी तिथं थांबवून चहा प्यायला लागले. बरोबर जे कोण सरदार-अधिकारी असतील त्यांनापण पाजायचे. महाराज पितायत म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

१९०२ सालचं ५० टक्क्यांचं आरक्षण सगळ्यांना पाठ असतंय. मला तो चहा मोठा वाटतो. जाहीरनामा सहीनं निघतो, चहाला स्वतः जाऊन बसावं लागतं.

तुमच्या सोसायटीत चेअरमन कोण हाय? त्याला बेसमेंटचा संडास वापरायला लावा, मग बघू किती दिवस वास मारतोय!

---

आसनगाव_स्लो | शनिवार, सकाळी १०.३०

सगळं मान्य. पण तुम्ही दोघं इतिहास सांगेपर्यंत ती बाई पत्र्यामागे गेली असेल. तत्त्वासाठी थांबायचं ते नेहमी तिनेच का? ज्यांच्या घरात दोन-दोन बाथरूम आहेत त्यांनी तिला सांगायचं की तू अजून दोन वर्षं रोखून धर, आम्ही समता आणतोय?

---

निळी_शाई | शनिवार, दुपारी १२.४८

हा प्रश्न खरा आहे, टाळत नाही.

महाडला १९२७ साली हाच सवाल होता. मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोल्यांचा ठराव १९२३ मध्येच झालेला, महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं सर्वांना खुलं म्हणून जाहीर केलेलं. कागदावर सगळं होतं. २० मार्चला लोक प्रत्यक्ष पाणी प्यायले, त्यावर मार खाल्ला, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, नगरपालिकेने आपलाच ठराव फिरवला. हायकोर्टातून निकाल लागायला १९३७ उजाडलं. दहा वर्षं! बाबासाहेबांनी १९२७ च्याच डिसेंबरात स्पष्ट सांगितलं होतं की हे पाणी प्यायलो नव्हतो म्हणून आम्ही काही मेलो नव्हतो, तळ्यावर जायचं ते आम्हीही माणसं आहोत हे सिद्ध करायला.

पण हे ठरवलं कुणी? ज्यांना तहान होती त्यांनी. थांबायचं की घ्यायचं हे मी घरी बसून ठरवणार नाही, तुम्हीही नाही, आणि कावेरीताईंची कमिटी तर नाहीच. मावशी एका वाक्यात बोलून गेली आहे. ते वाक्य धाग्यात आहे, आपण त्याच्यावरून उड्या मारतोय.

---

डॉ_पाणीपुरी | शनिवार, दुपारी ३.२०

थोडं माझ्या खात्यातलं. माझा दवाखाना ज्या भागात आहे तिथे निम्म्या पेशंट घरकाम करणाऱ्या. लघवीला जळजळ, कंबर धरणं, थंडी वाजून ताप. पाणी किती पिता विचारलं की हसतात. सकाळी निघताना अर्धा कप चहा, मग थेट घरी गेल्यावर. मुद्दाम पीत नाहीत. मी वर्षानुवर्षं "भरपूर पाणी प्या" लिहून देत होतो. एक दिवस एकीने विचारलं, "पिते की, पण सोडू कुठं?" प्रिस्क्रिप्शन तिच्या हातात होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

---

पेन्शनर_नाना | शनिवार, संध्याकाळी ६.१०

तरुण मंडळींना ठाऊक नसेल, पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता. पगार वाढवा, हक्काची सुट्टी द्या. पुणे शहर मोलकरीण संघटना त्यातूनच उभी राहिली. मी तेव्हा नोकरीला नुकताच लागलो होतो. आमच्या मातोश्री मोरीत भांडी घासता घासता संपकऱ्यांच्या नावाने जे काही बोलत होत्या ते इथे लिहिण्याजोगं नाही. चौथ्या दिवशी मात्र हात दुखायला लागल्यावर म्हणाल्या, "मेलीला दोन रुपये वाढवून दिले असते तर काय बिघडलं असतं."

तर मुद्दा असा की आमच्या पिढीने जे दिलं ते हात दुखल्यावर. पुढे २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही झाला राज्यात. तो किती घरांत पोचला आहे, ते आपापल्या मावशींना विचारून बघा.

अवांतर: 'मोलकरीण' शब्दाला तरुण लोक नाक मुरडतात, 'मावशी' म्हणतात. संघटनेने स्वतःच्या नावात मोलकरीण ठेवला आहे. मोलाने काम करते ती मोलकरीण, यात लाज कसली?

---

ऑरेंज_बर्फी | शनिवार, रात्री ८.३३

नाना, अगदी बरोबर. आमच्या नागपूरला तर आल्या-गेल्या सगळ्यांनाच मावशी-काका म्हणतात, पण सख्ख्या मावशीला कोणी सर्व्हिस लिफ्टनं पाठवत नाही न बाप्पा!

---

तिखट_मीठ | शनिवार, रात्री ९.०१

कावेरी, एक विचारू? क्लबहाऊसचं कुलूप, बेसमेंटचा पंप सगळं ठीक. ती मावशी तुमच्या घरात रोज तासभर असते. तुमच्या घरातला वापरते का?

---

चिंचगुळाची_आमटी | शनिवार, रात्री ९.०४

आई गं. 🍿

---

व्यवहारी_माणूस | रविवार, सकाळी ८.२०

धागाकर्ती गायब.

---

कावेरी_वाकड | सोमवार, रात्री १०.५०

गायब नव्हते. चार वेळा उत्तर टाइप केलं आणि पुसलं.

नाही. वापरत नाही. सहा वर्षं येतेय ती आमच्याकडे. आमचे दोन्ही संडास तीच घासते, आठवड्यातून दोनदा ऍसिड टाकून. एकदाही वापरलेला नाही. मी नको म्हटलेलं नाही कधी. पण वापर असंही म्हटलेलं नाही. तिने विचारलं नाही, मी विचार केला नाही. 'विचार केला नाही' हेही पूर्ण खरं नाही. दोन वर्षांपूर्वी एकदा ती कॉमन बाथरूममधून बाहेर आली तेव्हा मी पटकन फ्लशच्या आवाजाकडे कान दिला होता. फडकं धुवायला गेली होती. मला जे हायसं वाटलं ते मला आठवतंय.

कमिटीत भाषण ठोकणारी मीच ती.

काल तिला सांगितलं, इथला वापरत जा. ती "बरं" म्हणाली. वापरला नाही.

---

हडसनकाठचा_बंड्या | मंगळवार, सकाळी ६.१५

न्यू जर्सीहून. इथे आमच्याकडे पंधरा दिवसांनी एक बाई साफसफाईला येते. पहिल्याच दिवशी तिने विचारलंसुद्धा नाही, बाथरूम कुठे म्हणाली आणि गेली. मला काहीही वाटलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात नाशिकला आईकडे आलो. तिथल्या ताई दुपारी धापा टाकत "जरा जाऊन येते" म्हणून सार्वजनिक शौचालयात निघाल्या, आणि त्याही वेळी मला काहीही वाटलं नाही. माणूस मी एकच. कावेरी, तुमचा प्रतिसाद वाचून हे जुळलं.

२०२३ मध्ये सिऍटलने शहराच्या कायद्यात जातीवरून भेदभावाला बंदी घातली तेव्हा आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर "इथे कुठे आलीय जात" म्हणून दोनशे मेसेज पडले होते. त्यात माझेही होते.

---

रानजाई | मंगळवार, दुपारी १.४०

इथे वर्षभर नुसती वाचते. पहिल्यांदा लिहितेय.

माझी आई चौदा वर्षं धुणीभांडी करते. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. धागा आईला वाचून दाखवला. ती हसत होती बराच वेळ, विशेषतः पेन्शनर नानांच्या आईवर.

ती म्हणाली ते लिहिते. मालकीण "वापर" म्हणाली म्हणून कुणी वापरत नसतं. का? उद्या काही हरवलं, तुंबलं, डाग दिसला, तर बोट कुणाकडे जाणार? काम जाण्यापेक्षा पत्र्यामागे गेलेलं बरं. दुसरं म्हणजे पाळीचे दिवस. सकाळी सातला घेतलेलं पॅड अडीचपर्यंत तसंच, बदलायला जागा नाही, टाकायला डबा नाही. आई पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणते. ती म्हणते संडासाला चार गोष्टी लागतात. आतून लागणारी कडी, पाणी, दिवा आणि झाकणाचा डबा. क्लबहाऊसला असो की बेसमेंटला, यातली एक नसली की बाई जाणार नाही.

आणि विचारायचं असेल तर मालकिणीने विचारू नका. समोर कुणी खरं बोलत नाही. त्यांना आपापसात बसू द्या अर्धा तास. कामाच्या वेळेत, म्हणजे तेवढं काम कमी करून.

---

निळी_शाई | मंगळवार, दुपारी २.०५

रानजाई, लिहीत राहा. माझे वरचे दोन्ही प्रतिसाद तुमच्या आईच्या त्या कडीसमोर फिके आहेत.

---

व्यवहारी_माणूस | मंगळवार, दुपारी ४.३०

रानजाई यांचं शेवटचं वाक्य कमिटीवाल्यांनी कोरून ठेवावं. "तेवढं काम कमी करून." आमच्याकडे सुरक्षारक्षकांना 'तुमच्या अडचणी सांगा' म्हणून बोलावलं होतं, बारा तासांची ड्युटी संपल्यावर. कुणी आलं नाही. आम्ही मिनिट्समध्ये लिहिलं, कोणतीही तक्रार नाही.

---

एसटीची_खिडकी | बुधवार, सकाळी ११.००

उशिरा आले. निळी_शाई यांनी हौदाचं लिहिलं त्याला जोडून एकच. बाबा आढाव नाना पेठेत दवाखाना चालवायचे. हमाल पाठीचं दुखणं घेऊन यायचे. नुसत्या गोळ्या देऊन काय होणार, पाठीवरचं पोतंच जड आहे, अशी ती गत. पुढे दवाखाना मागे पडला आणि हमाल पंचायत उभी राहिली. सत्तरच्या दशकात 'एक गाव, एक पाणवठा' घेऊन ते गावोगाव फिरले. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झालेली आणि वेगळे पाणवठे गावागावांत तसेच. गावकरी अडवायचे नाहीत म्हणे, उलट सांगायचे, "त्यांना वेगळी विहीर दिलीय की, चांगली सिमेंटची!" माझे वडील शिक्षक होते मराठवाड्यात, त्यांनीही हे वाक्य ऐकलेलं.

डॉ_पाणीपुरी, तुमच्या प्रिस्क्रिप्शनवरून आठवलं.

---

कावेरी_वाकड | रविवार, रात्री ११.३०

सभा झाली. सविस्तर लिहिते.

रानजाईच्या आईचं ऐकलं. गुरुवारी अकरा ते साडेअकरा बी विंगच्या बायकांना क्लबहाऊसच्या पायरीवर बसू दिलं. नऊ घरांना आधी मेसेज केला की आज भांडी अर्धा तास उशिरा. दोन घरांनी मला फोनवर झापलं. मी तिथे थांबले नाही. दुपारी मावशीने वहीचा फाडलेला कागद आणून दिला, एकीच्या दहावीतल्या मुलीचं अक्षर.

मला वाटलं होतं पहिल्या क्रमांकावर संडास असेल. पहिल्यावर लिफ्ट होती.

आमच्याकडे लिफ्टशेजारी पाटी आहे, 'घरकाम करणारे व डिलिव्हरी यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी'. ती दर चार दिवसांनी बंद. मग बायका जिन्याने. एकीचे गुडघे गेलेत, ती अकराव्या मजल्यावर जाते. मी ही पाटी सहा वर्षं रोज वाचतेय, मराठीत ऱ्हस्व-दीर्घाची चूक आहे म्हणून एकदा तक्रारही केली होती. दुसरं, क्लबहाऊसचा संडास, कडी दुरुस्त करून (आतली तुटलीय हे कमिटीत कुणाला माहीतच नव्हतं) आणि डबा ठेवून. तिसरं, दुपारचा डबा खायला सावलीची जागा. चौथं, गेटवर पिशवी तपासायची असेल तर सगळ्यांची तपासा.

सभेत कागद तसाच वाचून दाखवला. व्यवहारी_माणूस, तुम्ही म्हणाला होतात ते सगळं शब्दशः ऐकू आलं, मेंटेनन्ससकट. एका काकांनी "आज संडास, उद्या स्विमिंग पूल" म्हटलं, टाळ्या पडल्या. मी तयारीने गेले होते, तरी आवाज कापत होता. मग मी तुमचाच हाउसकीपिंगचा मुद्दा मांडला. बेसमेंटचे १ लाख ८० हजार रद्द करा, त्यातून हाउसकीपिंगला अर्धवेळ आणखी एक बाई ठेवा, वर्ष निघेल. आकडा दिसल्यावर लोक जरा गप्प झाले.

तेवढ्यात सी विंगच्या एक आजी उठल्या. ऐंशीच्या पुढच्या. म्हणाल्या, "मला दर अर्ध्या तासाला लागते. मुलगा मला खाली आणत नाही कारण खाली सोय बंद. ते कुलूप माझ्यासाठी तरी काढा." यावर कुणाला काही बोलता येईना.

मंजूर काय झालं: क्लबहाऊसचा संडास सकाळी सात ते सात खुला, सर्वांना. नवी कडी, डबा, अर्धवेळ बाई. पिशव्यांचं 'तपासून बघू'. सावलीच्या जागेचं कुणी बोललंच नाही. लिफ्टचा विषय पुढच्या सभेत ढकलला, १४ विरुद्ध ५२. कागदावर जे पहिलं होतं तेच राहिलं.

---

आजरा_घनसाळ | सोमवार, सकाळी ९.१५

आजी नादखुळा! त्यांना आमच्याकडनं नमस्कार सांगा.

---

आसनगाव_स्लो | सोमवार, सकाळी ९.४०

मी पहिल्या दिवशी 'डोळे मिटून बांधून घ्या' म्हटलं होतं. शब्द मागे घेते. संडास लांबतो म्हणून घाई करत होते, लिफ्टचा तर मलाही पत्ता नव्हता.

पण १४ मतं कुणाची ते शोधून ठेवा. पुढच्या वेळी ती चौदा माणसं पहिल्या रांगेत बसवा.

---

रानजाई | सोमवार, दुपारी १.१०

किल्ली कुणाकडे आहे?

---

कावेरी_वाकड | सोमवार, रात्री १०.२०

गार्डकडे. आणि तुला जे वाटतंय तेच झालं. आज एकही जण गेली नाही. गार्ड पुरुष, वहीत नाव लिहा म्हणतो, वेळ लिहा म्हणतो. उद्या कुलूपच काढून आणते, मग बघू कोण परत लावतंय.

घरचं सांगायचं राहिलं. आज माझी मावशी आमच्या कॉमन बाथरूममध्ये गेली. सांगून नाही, तशीच. मी ओट्याशी पाठ करून उभी राहिले आणि उगाच मिक्सर लावला. बाहेर यायला तिला पंधरा मिनिटं लागली, कारण वापरून झाल्यावर तिने अख्खं बाथरूम धुतलं. भिंतींसकट. आज तिचा बाथरूम घासायचा वारही नव्हता.

हे तिला कसं सांगू की नको धूत जाऊस?

---

निळी_शाई | सोमवार, रात्री १०.५५

सांगू नका. सांगितलं की तिला वाटेल काहीतरी चुकलं. आठवड्यातला एक वार तुम्ही घासा, ती घरात असताना. बाकी तिचं ती ठरवेल.

---

तिखट_मीठ | सोमवार, रात्री ११.०२

आणि ऍसिड हाताने टाकू नका, हातमोजे घाला. तिला दिलेत का कधी?

---

कावेरी_वाकड | सोमवार, रात्री ११.०९

...उद्या दोन जोड आणते.